तापीकाठचा परमार्ग

महाराष्ट्रातल्या धर्मपरंपरेचा इतिहास सांगताना आपले बोट नकाशावर पैठण, आळंदी, देहू, पंढरपूर असे फिरते. फार तर वऱ्हाडात रिद्धपूरला जाऊन येते. नंदुरबारवर ते थांबत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा बाहेरच्या वाचकाला बहुधा दोनच कारणांनी ठाऊक असतो : सातपुड्यातले कुपोषण आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार. आपला विषय त्या घोडेबाजारापासूनच सुरू होतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीच्या काठी यात्रा भरायला लागते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून घोडे येतात, लाखांचे सौदे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. यात्रा ज्याच्या नावाने भरते त्या दत्ताकडे मात्र बातमीदाराचे लक्ष जात नाही. हा दत्त एकमुखी आहे. महानुभाव पंथ, म्हणजेच परमार्ग, ज्यांना परमेश्वराचे अवतार मानतो त्या पंचकृष्णांमध्ये श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर ही पाच नावे येतात, आणि त्यांतला दत्तात्रेय एकमुखी आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकत्रित रूप म्हणून घरोघरी पुजली जाणारी त्रिमुखी मूर्ती ही निराळ्या विचारातून आलेली. चक्रधरांनी साडेसातशे वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या या पंथाच्या, एका धर्मसुधारणेच्या, अंगणात आजही खानदेशचा सर्वांत गाजलेला घोडेबाजार भरतो, हे नंदुरबारकरांनाही पुन्हा सांगावे लागते.

ती सुधारणा कशातून उभी राहिली आणि तिचे या जिल्ह्यात काय उरले, एवढ्या दोन प्रश्नांपुरती ही प्रस्तावना आहे. पंथाचे तत्त्वज्ञान, त्याच्या आम्नायांचा म्हणजे पोटशाखांचा इतिहास आणि ग्रंथांची चर्चा पुढील प्रकरणांत येईल.

नंदुरबारचे महत्त्व आधी रस्त्याने ठरवले. गुजरातच्या बंदरांतून दख्खनमध्ये जाणारा माल, यात्रेकरू आणि सैन्य तापीच्या खोऱ्यातून जात असे. पुढे मोगल काळात सुरत ते बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी मार्ग झाला आणि नंदुरबार हे त्यावरचे ठाणे. पण त्याच्याही कितीतरी आधी, १३४२ साली महंमद तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनला निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना या गावातून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की इथे मराठे राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी पुष्कळ आहेत. त्यांच्यातले प्रतिष्ठित लोक, म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात. प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही. ते दारू पीत नाहीत आणि जेवणाआधी काटेकोर आंघोळ करतात.

हे लोक महानुभाव होते, असे या नोंदीवरून म्हणता येणार नाही. जैन वळण, वैष्णव वळण, व्यापारी जातींचा शाकाहार, यांतले काहीही त्यामागे असू शकते. पण चक्रधरांनंतर सत्तर-एक वर्षांनी या खोऱ्यातल्या एका लहान गावात अहिंसा आणि मद्यत्याग ही प्रतिष्ठेची खूण झाली होती, एवढे या परक्या माणसाच्या डोळ्यांनी आपल्यासाठी टिपून ठेवले आहे. महानुभावांचा आचारधर्म ज्या मातीत रुजला तिची ही नोंद म्हणून मला ती मोलाची वाटते.

स्वतः चक्रधर याच पश्चिमेकडून आले. पंथाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव हरिपाळदेव, वडील विशाळदेव हे भडोचच्या राजाचे प्रधान. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर सोडले, वाटेत एकेक करून परिवार मागे पाठवला आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडून त्यांना शक्तीचा स्वीकार घडला. मग वर्षानुवर्षे एकट्याने भटकंती. पुढे पैठणला आल्यावर त्यांच्याभोवती माणसे जमू लागली. ज्याला आपण मराठीचा आद्य गद्यनायक म्हणतो तो गुजरातेत वाढलेला राजपुत्रासारखा तरुण होता, हे विसरू नये. सीमेवरच्या माणसाला भाषा निवडावी लागते. चक्रधरांनी मराठी निवडली.

आता कारणांकडे. यादवांचे राज्य तेव्हा भरभराटीत होते. महादेवराव यादवाची कारकीर्द १२६१ ते १२७१, त्यानंतर रामचंद्रदेव. दोघांच्याही दरबारात हेमाद्री पंडित हा करणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथाचा व्रतखंड उघडून पाहिला की त्या काळच्या धर्माची कल्पना येते. तिथीतिथीला व्रत, वारावाराला व्रत, प्रत्येक व्रताला देवता, प्रत्येक देवतेला दान, प्रत्येक दानाला ब्राह्मण. वर्षाचे दिवस कमी पडावेत इतकी व्रते. हे सारे संस्कृतात, म्हणजे ज्यांनी दान द्यायचे त्यांना आपण काय करतो आहोत हे वाचताही येऊ नये अशा भाषेत. एकीकडे दगडी देवळे उभी राहत होती, अग्रहारांना गावे इनाम मिळत होती. दुसरीकडे शूद्र आणि स्त्री यांना मोक्षाच्या वाटेवर कोणी विचारत नव्हते.

हेमाद्रीला खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे आणि आपल्या अनेक लेखकांनी ते केले. मला ते अपुरे वाटते. हेमाद्री हा त्या व्यवस्थेचा अत्यंत कर्तबगार संकलक होता. व्यवस्था त्याच्या आधीची. तिला आव्हानेही आधीपासून मिळत होती. शेजारच्या कर्नाटकात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी देऊळ, जात आणि पुरोहित या तिन्हींवर प्रहार केला होता. नाथपंथाचे योगी डोंगरादऱ्यांतून फिरत होते. आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्यातल्या तोरणमाळला, मच्छिंद्रनाथांची गुहा आणि गोरक्षनाथांचे मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तिथे आजही डोंगरातून, मध्य प्रदेशातून माणसे पायी येतात. जैन मुनींनी अहिंसेचा आग्रह शतकानुशतके चालवला होता. चक्रधरांच्या विचाराला ही सारी हवा लागलेली आहे.

त्यांनी घातलेला घाव मात्र वेगळ्या जागी होता. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. देवता आहेत, त्यांची सेवा केली तर त्यांच्या कुवतीप्रमाणे फळही मिळते, पण ते फळ संपणारे. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वरापाशीच. वरवर पाहता ही शुष्क तत्त्वचर्चा वाटते. पण व्रतखंडाच्या शेजारी ती ठेवून पाहा. हजारो देवता, त्यांची हजारो व्रते, त्यांची दाने, त्यांचे पुरोहित, हा सगळा डोलारा एका वाक्यात दुय्यम ठरतो. देवता खोट्या आहेत असे म्हणण्याची गरजच पडत नाही. त्या अपुऱ्या आहेत एवढे म्हटले की पुरे. पैठणच्या ब्रह्मसभेला आणि देवगिरीच्या दरबाराला चक्रधर का खुपले याचे उत्तर इथे आहे. १२७४ च्या सुमारास त्यांना महाराष्ट्र सोडावा लागला. पंथाच्या श्रद्धेनुसार स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेले.

या विचाराचा अर्थ सारंगखेड्यापासून फार दूर न जाता समजून घेता येतो. याच शहादा तालुक्यात, याच तापीच्या काठी, गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. खानदेशात त्याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर अशी शिवालये, घाट, पिंडदान, अस्थिविसर्जन : तीर्थधर्माचे संपूर्ण रूप तिथे दिसते. एक नदी, एक तालुका, आणि धर्माच्या दोन कल्पना. नंदुरबारचा माणूस दोन्हीकडे जातो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. चक्रधरांना ती नक्की वाटली असती. लोकांनी सुधारणा स्वीकारली, पण आपल्या अटींवर, हे इथल्या धर्मजीवनाचे पहिले वैशिष्ट्य म्हणून ध्यानात ठेवावे.

चळवळीचे सर्वांत मोठे काम मात्र भाषेचे आणि स्त्रियांचे आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. म्हाइंभट हा गाढा पंडित. स्वामींना वादात हरवायला आला आणि शिष्य होऊन राहिला. स्वामी गेल्यावर तो गावोगाव फिरला. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्याकडून आठवणी मिळवल्या, कोण काय सांगतो ते ताडून पाहिले आणि १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. आज आपण ज्याला क्षेत्रीय संशोधन म्हणतो त्याचा इतका जुना आणि इतका प्रामाणिक नमुना भारतीय भाषांत सहजी सापडणार नाही. पुढे यादवसत्ता कोसळतानाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्या पाठांपैकी एक हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. मराठीचा आद्य गद्यग्रंथ आपल्यापर्यंत पोचण्यात एका बाईच्या स्मरणशक्तीचा असा वाटा आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात ही गोष्ट तळटीपेत असते. ती पहिल्या पानावर असायला हवी.

बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधा अशी स्त्रियांची नावे लीळाचरित्रात पानोपानी येतात, आणि त्या केवळ सेवा करणाऱ्या नाहीत. महदाइसा तर सतत प्रश्न विचारते. धवळे या विवाहगीतांची कर्ती म्हणून ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. पण मला तिच्या कवितेइतकीच तिची शंका विचारण्याची सवय महत्त्वाची वाटते, कारण गुरूने ती सवय मोडली नाही. विटाळाच्या कल्पनेबाबत चक्रधरांनी जी भूमिका घेतली ती आज एकविसाव्या शतकातही आपल्या अनेक घरांना पेलत नाही. शरीरातून जसे इतर स्राव बाहेर पडतात तसाच मासिक पाळीचाही, त्याने धर्माचे दार बंद होत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले, तेव्हा संस्कृतात चर्चा करू पाहणाऱ्या विद्वान शिष्यांना त्यांनी थोपवले. त्याने माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, हे त्यांचे कारण. त्याच शिष्यांपैकी केशिराजबासांनी स्वामींची वचने मराठीतच सूत्रबद्ध केली. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. तिच्या आधी एका पिढीने मराठीला मोक्षाची भाषा करून ठेवले होते.

आणि मग या चळवळीने स्वतःच स्वतःला मिटून घेतले. चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. छळाची भीती होती, शास्त्र अपात्र हाती पडू नये ही काळजी होती, पंथात आम्नाय पडत होते. कारणे समजण्यासारखी आहेत. पण ज्यांनी संस्कृतची भिंत पाडली त्यांनीच लिपीची भिंत उभारली आणि पुढची जवळजवळ सहा शतके मराठी समाज आपल्या या ठेव्याला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी लिपीचा उलगडा करून दाखवला, पंथातल्या काही महंतांनी मनाचा मोठेपणा दाखवून पोथ्या उघडल्या. य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांनी आयुष्याची वर्षे त्यांवर खर्च केली. या मधल्या काळात बाहेरच्यांना महानुभाव दिसत ते फक्त काळ्या वस्त्रांतले भिक्षुक म्हणून, आणि न कळणाऱ्या गोष्टीविषयी समाज जे गैरसमज करून घेतो ते सगळे त्यांच्याविषयी केले गेले. वारकरी पंथ याच काळात घराघरांत शिरला. संसार सोडायला न सांगता, ग्रामदैवताशी भांडण न मांडता, टाळ हाती देऊन. तापीच्याच काठी वरच्या अंगाला मेहूणला मुक्ताबाई अंतर्धान पावली असे मानतात. तिथली पालखी आजही पंढरीला जाते. संन्यास आणि अटन म्हणजे सततची भ्रमंती यांवर भर देणाऱ्या पंथाला इतका विस्तार मिळणे शक्य नव्हते.

तरी तो टिकला, पंजाब आणि थेट काबूलपर्यंत ‘जयकृष्णी’ म्हणून पोचला, आणि खानदेशात शेतकरी घरांत मुरला. भडगाव तालुक्यातले कनाशी हे स्थान खानदेशच्या महानुभावांचे मोठे श्रद्धास्थान. नंदुरबार, शहादा, तळोदा या सपाटीच्या पट्ट्यात कितीतरी गावांत कृष्णमंदिर दिसते, ‘दंडवत प्रणाम’ ऐकू येतो. उपदेश घेतलेले गृहस्थ म्हणजे वासनिक असतात आणि अनुसरण म्हणजे संन्यास घेतलेले भिक्षुक व तपस्विनी. वासनिकाच्या घरी मांस शिजत नाही, दारू येत नाही, सकाळी पारायण असते. त्याच्या भावाच्या घरी श्रावणात कानबाई बसते. चुलत्याच्या गळ्यात वारकऱ्याची माळ असते. अहिराणीत भांडणारे, गुजरीत हिशेब करणारे हे लोक पोथी मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत वाचतात आणि त्यांना ती कळते. लीळाचरित्राचा कोश हाती घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा अशा एखाद्या घरातल्या आजीसमोर बसून पाहावे.

इथवरचा वारसा अभिमानाचा आहे. पण नंदुरबारवर लिहिताना सातपुड्याच्या पायथ्याशी थांबता येत नाही. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एकोणसत्तर टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. त्यांची याहामोगी, त्यांचा वाघदेव, काठीची होळी, हे त्यांचे स्वतंत्र आणि समृद्ध धर्मविश्व आहे. मध्ययुगीन सुधारणा मुख्यतः नदीच्या काळ्या जमिनीवर राहिली. डोंगरात तिची वाट पोचली ती थोडीच, आणि जी पोचली ती बहुधा मजुराच्या पावलांनी. त्याहून कठीण गोष्ट पुढची. ज्या खोऱ्यात शतकानुशतके अहिंसा सांगितली गेली, त्याच खोऱ्यात आदिवासींच्या जमिनी सावकारीत गेल्या आणि ते आपल्याच शेतावर सालदार झाले. मुंगीला जपणाऱ्या धर्माने सालदाराच्या भाकरीकडे पुरेसे पाहिले नाही, असा माझा स्पष्ट आरोप आहे. तो एका पंथावर नाही. सपाटीवरच्या सगळ्याच भक्तीवर आहे.

म्हणून आदिवासींना आपली सुधारणा स्वतः करावी लागली. १९२२ साली गुजरातच्या सीमेवरून देवीची लाट आली : दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. मग १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी आप धर्माची आरती सुरू केली. सोमवारी हजारोंचा समुदाय जमू लागला, दारूची दुकाने ओस पडली, माणसे एकमेकांना ‘आप की जय’ म्हणू लागली. गुलाम महाराज १९३८ मध्ये गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. चक्रधरांशी या चळवळीचा धागा जोडण्याचा मोह मला होत नाही, कारण तसा पुरावा नाही. साम्य आहे ते गरजेचे. मध्यस्थ नको, परवडणार नाही असा विधी नको, नशेने पोखरलेले घर सावरायला हवे, आणि खाली मान घालून उभ्या राहणाऱ्याला बरोबरीचे संबोधन हवे. तेराव्या शतकातल्या पैठणला ही गरज होती, विसाव्या शतकातल्या तळोद्यालाही होती.

पुढे शहाद्यात अंबरसिंग महाराज भजनी मंडळांतूनच उभे राहिले आणि जमिनीच्या प्रश्नापर्यंत गेले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. आदिवासी बायकांनी गावोगाव दारूचे गुत्ते फोडले. भजनापासून मजुरीच्या दरापर्यंतचा हा प्रवास धर्मसुधारणेच्या अभ्यासात घ्यायचा की कामगार चळवळीच्या, याविषयी विद्यापीठांत मतभेद असतील. मी तो इथेच घेतो. मध्ययुगीन सुधारणेने विचारलेला प्रश्न, ज्ञानावर आणि सन्मानावर कोणाचा हक्क, तो या बायकांनी अधिक पुढे नेला.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. यानिमित्ताने लीळाचरित्राचे नाव पुष्कळांच्या तोंडी आले. ही चांगली गोष्ट. पण ग्रंथाचा गौरव आणि ग्रंथाचा अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नंदुरबारपुरता अभ्यास जवळजवळ व्हायचाच आहे.

तेव्हा वाचकांपाशी मागणे एवढेच. तापीकाठच्या ज्या घरांत, मठांत जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी त्या लाल फडक्यात नुसत्या बांधून ठेवू नयेत. जाणत्या माणसाकडून त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत, पोथी घरीच राहू द्यावी. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सपाटीवरच्या वासनिकांकडे जसे पाठवावे तसेच आपच्या आरतीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडेही पाठवावे, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, अहिराणीत, भिल्लीत, पावरीत, जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगावे. म्हाइंभटाने हेच केले होते, आणि ज्यांनी पाहिले ते हयात असतानाच केले होते. गुलाम महाराजांना पाहिलेल्यांपैकी आता फार थोडे उरले असतील. हे काम याच वर्षी हाती घ्या.